पाइप वाळत घातले

मित्रांनो, मला बोलता येत नाही. बोलणारे रेडिओ वेगळे, ते आगीच्या बंबात असतात, पोलिसांच्या खांद्यावर असतात. मी नुसता ऐकणारा. मला स्कॅनर म्हणतात. माझा काळा रंग पाठीकडून करडा झाला आहे, कळांवरचा सहाचा आकडा पुसून गेला आहे आणि आवाजाची चकती फिरवली की कुरकुरते. माझ्याबरोबर जन्मलेले बहुतेक सगळे भंगारात गेले. मी अजून ऐकतो आहे, आणि आज जन्मात पहिल्यांदा थोडं सांगणारही आहे.

माझं काम तसं सोपं. पन्नास चॅनल मला नेमून दिलेले असतात. त्यांच्यावरून मी सारखा फिरत राहतो, रात्रपाळीचा रखवालदार दारं बघत फिरतो तसा. एखाद्या चॅनलवर कुणी बोललं की तिथे थांबायचं, त्यांचं बोलणं घरातल्यांना ऐकवायचं आणि संपलं की पुढे निघायचं. कारखान्यात ज्या बाईने मला तपासलं तिने चकती फिरवली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "याचा कान चांगला आहे." ते माझं पहिलं कौतुक. तिचा चेहरा मी विसरलो, वाक्य विसरलो नाही.

एकोणनव्वद सालच्या नाताळात एमिल कोस्को यांनी मला घरी नेलं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत कोल्टर रन नावाचं गाव आहे, खोऱ्याच्या अगदी तळाशी. एमिल दिवसा काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करत आणि गावाच्या बंबाचे प्रमुख होते. त्या बंबावर पगारी माणूस एकही नव्हता. भोंगा झाला की न्हावी अर्धी दाढी सोडून पळे, आणि ज्याची दाढी अर्धी राहिली तोही त्याच्यामागे पळे.

पण मी आलो तो एमिल यांच्यासाठी नव्हे, त्यांच्या बायकोसाठी, व्हर्नासाठी. माझ्याआधी त्या स्वयंपाकघरात एक लाल फोन होता. खोऱ्यात कुणाच्याही घराला आग लागली की तो फोन वाजे. व्हर्ना उचलत, पत्ता लिहून घेत, कपाटाखालचं बटण दाबत आणि शेजारच्या बंबखान्यावरचा भोंगा सुरू होई. एकोणीस वर्षं त्यांनी हे काम केलं. त्या फोनसाठी त्या एकोणीस वर्षं माहेरीसुद्धा राहायला गेल्या नाहीत. फोनशेजारी बंबवाल्यांशी बोलायचा रेडिओही होता, पण त्यावर त्यांना स्वतःचं नाव नव्हतं. बंबवाले त्यांना 'कोल्टर रन बेस' म्हणून हाक मारत.

त्या काळची एक गोष्ट घरात पुनःपुन्हा सांगितली जाई. भोंगा ऐकून धावलेले पहिले पाचसात जण थेट व्हर्नाच्या स्वयंपाकघरात घुसत आणि "कुठे? कुणाकडे? किती मोठी?" असा एकच गिल्ला करत. फोनवरची बाई रडत असे, तिचं एक अक्षर ऐकू येत नसे. मग व्हर्ना पळी उचलून तव्यावर दणकन मारत आणि ओरडत, "सगळे अंगणात! मला तिचं ऐकू द्या!" सहा-सहा फुटी गडी मान खाली घालून अंगणात जात. मग त्या शांतपणे पत्ता ऐकत आणि खिडकीतून बाहेर सांगत.

पुढे आगीचे फोन घ्यायला सगळ्या जिल्ह्याचं मिळून एकच कंट्रोल झालं आणि लाल फोन भिंतीवरून काढून नेला. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग राहिला. व्हर्ना भांडी घासताना त्या डागाकडे बघत राहत, हे एमिल यांनी पाहिलं, आणि म्हणून मी आलो. डागाच्या खालीच फ्रिज होता. त्याच्यावर मला बसवलं.

"आता पत्ता विचारणारं कुणी नाही," एमिल म्हणाले, "पण ऐकायला काय हरकत आहे?"

"हरकत कसली? इतकी वर्षं दुसरं काय केलं मी?" व्हर्ना म्हणाल्या, आणि मला पुसून घेतलं. मी नवा कोरा होतो, पुसण्यासारखं काही नव्हतं.

आग विझली की बंब परत येत. लांबलचक कापडी पाइप धुतले जात आणि बंबखान्याच्या मनोऱ्यात उंच टांगले जात, कारण ओला पाइप गुंडाळून ठेवला की कुजतो. हे सगळं झालं की एमिल रेडिओवर कंट्रोलला सांगत, "सत्तेचाळीस-एक, बंबखान्यात परत. पाइप वाळत घातले." सत्तेचाळीस हा गावाच्या बंबाचा आकडा आणि एक म्हणजे प्रमुख. परत आलो एवढंच कंट्रोलला हवं असे. पाइपांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते वाक्य फ्रिजवरच्या माझ्यासाठी होतं, म्हणजे व्हर्नासाठी होतं. ते ऐकू येईपर्यंत त्या खुर्चीवर टेकत नसत, एकच ओटा दहादा पुसत. ते ऐकलं की बटाटे उकडायला ठेवत.

ती माझी भरभराटीची वर्षं. शेजारणी दारातूनच विचारत, "व्हर्ना, कुणाकडे गं?" आणि व्हर्नाला माहीत असे. गावात माझ्या कानाची वाहवा होती.

मग एका मार्चमध्ये एमिल गेले. आगीत नव्हे, बंब धुताना, हातात साबणाचं फडकं असताना. तिकडची एक रीत आहे. बंबवाल्याला मूठमाती देताना कंट्रोल त्याच्या आकड्याने त्याला रेडिओवर तीनदा हाक मारतं. तीन हाकांना उत्तर आलं नाही की त्याची सेवा संपली असं जाहीर करतं. सगळं गाव दफनभूमीवर होतं. घर रिकामं होतं, पण निघायच्या घाईत मला बंद करायचं राहिलं होतं. "सत्तेचाळीस-एक." मी थांबलो. "सत्तेचाळीस-एक." "सत्तेचाळीस-एक." त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मी ते मोठ्याने ऐकवलं, आणि ऐकायला कुणीही नव्हतं. ओट्यावर न सोललेले बटाटे पडले होते. मित्रांनो, यंत्राला दुःख होतं का, हे मला माहीत नाही. त्या दिवसापासून माझी चकती कुरकुरू लागली.

वर्षभराने त्यांचा मुलगा डेल प्रमुख झाला आणि सत्तेचाळीस-एक हा आकडा त्याच्याकडे आला. डेल कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूष. बापाचं लांब वाक्य त्याने एका शब्दावर आणलं. "सत्तेचाळीस-एक, परत." बस्स. व्हर्ना त्या एका शब्दासाठी उभ्या राहत, आणि ऐकलं की सवयीने बटाटे ठेवत. खाणारं कुणी नसे. दुसऱ्या दिवशी त्या त्यांचंच सूप करत.

व्हर्ना एक्याऐंशीच्या झाल्या तेव्हा गुडघ्यांनी जिना नाकारला. डेलने शहरातल्या एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, त्यांना घर घेऊन दिलं. लिफ्ट होती, तळमजल्यावर दवाखाना होता, गाव तासाभरावर होतं. मला व्हर्नाने आपल्या एप्रनमध्ये गुंडाळलं आणि मांडीवर ठेवून नेलं.

नव्या घरातही माझी जागा फ्रिजवरच ठरली. बटण दाबलं, आणि मी बहिरा झालो होतो. नुसती खरखर. चारी बाजूंना काँक्रीट, काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या, आणि खिडक्यांच्या काचांवर ऊन अडवायला धातूचा पातळ मुलामा. ऊन अडतं तसे आवाजही त्यात अडतात. शहराच्या बंबवाल्यांनी बोलायची नवी पद्धत घेतली होती, ती मला कळत नाही. पण आमचं खोरं अजून जुन्या पद्धतीने बोलत होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

अगदीच काही ऐकू आलं नसतं तर एक वेळ परवडलं असतं. कंट्रोलचा खांब डोंगरमाथ्यावर होता, त्यामुळे कंट्रोलची बाई मला कशीबशी ऐकू येई. "सत्तेचाळीस, आग, गिरणीचा रस्ता." पण डेल खोऱ्याच्या तळाशी, हातातल्या छोट्या रेडिओवर. त्याचं उत्तर माझ्यापर्यंत पोचत नसे. म्हणजे मुलगा आगीवर निघाल्याचं व्हर्नाला कळे आणि परतल्याचं कळत नसे. मग त्या ओटा पुसत राहत आणि शेवटी फोन लावत.

"आई, आगीच्या तोंडावर उभा होतो मी! फोन उचलत बसू?" डेल तिसऱ्या वेळी वैतागला. रविवारी तो गावच्या हॉलवरचे कोबी-नूडल्स घेऊन आला आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "ही पेटीच तुझं रक्त आटवतेय. आता टीव्ही बघ. खाली बायका बिंगो खेळतात, त्यांच्यात जाऊन बस."

"बिंगो खेळण्याइतकी म्हातारी नाही झाले मी."

"मग फोनवर ऐक. हल्ली लोक असले चॅनल फोनवरच्या ॲपवर ऐकतात."

"आपल्या खोऱ्याचं कोण चढवतंय रे फोनवर? तू चढवतोस?"

डेल उठला. निघताना म्हणाला, "सप्टेंबरात हॉलवर जुन्या वस्तूंचा बाजार आहे. तोवर ही नीट ऐकू लागली तर ठीक. नाही तर मी घेऊन जाणार, आई. तुझ्या जिवापेक्षा ती मोठी नाही."

दुसऱ्याच दिवशी व्हर्नाने मला आपल्या चाकांच्या वॉकरच्या टोपलीत ठेवलं आणि खाली बागेत ऐकू येतं का बघायला निघाल्या. लिफ्टमध्ये त्याच मजल्यावरचे लूथर बीमन होते, रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले.

"काय कोस्कोबाई, रेडिओला हवा खायला नेताय?"

"हवा खाऊन कान सुधारत असतील तर तुम्हीही चला," व्हर्ना म्हणाल्या.

लूथर यांना ऐकून हसू आलं नाही. त्यांनी मला उचलून पाठीमागून पाहिलं आणि लिफ्ट परत वर नेली.

पुढचे आठ दिवस मी त्या घरात वरातीसारखा फिरलो. लूथर म्हणाले, जागा आधी, बाकी सगळं नंतर. मला वॉकरच्या टोपलीत ठेवून व्हर्ना खोल्याखोल्यांतून ढकलत, आणि लूथर दिवसभर बोलत राहणाऱ्या हवामानाच्या चॅनलवर कान देऊन कागदावर खुणा करत. न्हाणीघर, शून्य. फ्रिज, शून्याहून थोडं बरं. बाल्कनीचं दार, एकदम स्पष्ट. दाराबाहेर ठेवलं तर त्याहून छान, आणि बाल्कनी नेमकी खोऱ्याच्या दिशेला होती. मग लूथर यांनी घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली. उशाजवळचा नवा दिवा बंद केला आणि माझी निम्मी खरखर गेली.

"म्हणजे हा दिवा बोलतो?" व्हर्नाने विचारलं.

"बोलत नाही, पुटपुटतो. दिवसभर. माझ्या मेव्हण्यासारखा."

आता अँटेना बाहेर न्यायची होती. पण इमारतीचा कडक नियम होता, कठड्याला काही बांधायचं नाही. व्हर्नाने त्यावर उपाय म्हणून मोठी कुंडी आणली, तिच्यात टोमॅटोचं रोप लावलं आणि रोपाला आधार म्हणून माझी उभी अँटेना रोवली. तिच्यापासून चपटी केबल दाराखालून आत आली. व्यवस्थापक पाहणीला आला तेव्हा बराच वेळ कुंडीकडे बघत राहिला.

"ही काठी लोखंडी आहे," तो म्हणाला.

"टोमॅटोही तगडे आहेत," व्हर्ना म्हणाल्या. तो नियमांची वही मिटून निघून गेला.

जूनमध्ये एकदा, अगदी पुसट, डेल ऐकू आला. "...एक, परत." व्हर्नाने बटाटे ठेवले आणि लूथर यांना जेवायला थांबवलं. मला वाटलं, संपले आपले वनवासाचे दिवस.

पण पुसट ते पुसटच. दहातून चार वेळा ऐकू येई. आणि इथे लूथर चुकले, मित्रांनो. ते जसे चुकले तसा फक्त त्यांच्यासारखाच माणूस चुकला असता. त्यांचं बालपण दोन डोंगरांमधल्या खोल घळीत गेलं होतं. तिथे आवाज पोचतच नसत. त्यांचे वडील डोंगरावर तार ओढत आणि खाली बूस्टर लावून आवाज मोठा करत, तेव्हा कुठे बातम्या लागत. ऐकू येत नाही? बूस्टर लाव. हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांनी बूस्टर आणला, काडेपेटीएवढी डबी, आणि मोठ्या प्रेमाने माझ्या केबलला जोडला. हवामानाचा चॅनल गर्जू लागला. दोघं खूश झाले.

मी मात्र हैराण झालो. घळीत आवाज कमी असतात, चौदाव्या मजल्यावर उदंड असतात. समोरच्या टेकडीवर गाण्यांच्या रेडिओचे खांब, पलीकडे इस्पितळाचे डॉक्टरांना बोलावणारे संदेश, टॅक्स्या, विमानं. बूस्टरला माणूस ओळखता येत नाही. तो सगळ्यांचाच आवाज वाढवतो. माझ्या कानात बाजार भरला, आणि खोऱ्यातला तो बारीक आवाज पार बुडाला. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मी ऐकणारा.

"म्हातारा झालाय बिचारा," लूथर हळहळले.

"आपण कोण तरणे आहोत?" व्हर्ना म्हणाल्या, पण त्यांचा आवाज पडला होता. सप्टेंबरला तीन आठवडे उरले होते.

ऑगस्टमधला गुरुवार, भर दुपारची वेळ. लूथर सूप प्यायला आले होते. कंट्रोलची बाई म्हणाली, "सत्तेचाळीस. स्केटिंगच्या जुन्या इमारतीला आग. आत माणसं असण्याची शक्यता." व्हर्नाने चमचा खाली ठेवला. ती इमारत त्यांना ठाऊक होती. तिचं छप्पर म्हणजे लांबलचक लाकडी कमान, मध्ये एक खांब नाही.

अर्धा तास मी तुकडे तुकडे ऐकवत होतो. खरखर, इस्पितळाची टुंटुं, मग एकदम डेल, "...मी दोघांना घेऊन आत जातोय." पुन्हा टुंटुं. आणि मग कंट्रोल, यावेळी तिचा आवाज चढलेला. "सगळ्यांनी बाहेर या. छप्पर खचतंय. सगळ्यांनी बाहेर या." मागे बंबांचे कर्णे लांब, न थांबता वाजत होते. ते कशासाठी वाजतात हे व्हर्नाला कुणी सांगायची गरज नव्हती. कर्ण्यांनंतर हजेरी होते. कंट्रोल एकेकाला हाक मारतं आणि जो बाहेर आला असेल तो उत्तर देतो.

"सत्तेचाळीस-चार?" खरखर. "सत्तेचाळीस-नऊ?" टुंटुंटुं. हाका ऐकू येत होत्या, उत्तरं येत नव्हती.

"थांबा, थोडा वाढवतो." लूथर माझ्यावर वाकले. त्यांनी बूस्टरची कळ शेवटपर्यंत फिरवली. टेकडीवरचं गाणं माझ्यातून फुटून बाहेर आलं.

"बंद करा ते!" व्हर्ना उठल्या. वॉकर न धरता उठल्या. "लूथर, हा बहिरा नाही! याच्या कानात सगळे एकदम ओरडतायत! माझ्या स्वयंपाकघरात ओरडायचे तसे!"

"अहो, पण बूस्टर काढला तर..."

"सगळे अंगणात!" व्हर्नाने केबल धरून बूस्टर उपटला. "मला त्याचं ऐकू द्या!"

लूथर यांनी केबल थेट माझ्या पाठीत खोचली. आणि मित्रांनो, खोली निवळली. बाजार उठला. खोऱ्याच्या तळातून, लहान पण स्वच्छ, एकेक आवाज येऊ लागला.

"सत्तेचाळीस-सहा?"

"सहा, बाहेर आहे."

"सत्तेचाळीस-अकरा?"

"अकरा, बाहेर. माझ्याबरोबर एक पोरगी आहे, श्वास घेतेय."

"सत्तेचाळीस-एक?"

काही नाही. व्हर्नाने माझ्यावर हात ठेवला.

"सत्तेचाळीस-एक?"

मी इतका कान देऊन उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. चॅनल उघडा होता, त्यावर नुसता वारा होता. लूथर यांना ती रीत माहीत नव्हती, म्हणून ते अजून आशेने माझ्याकडे बघत होते. व्हर्नाला माहीत होती. तिसरी हाक पुरी होऊ नये म्हणून त्या "नको, नको," असं पुटपुटत होत्या.

"सत्तेचाळीस-एक?"

आधी खोकला आला. मग पुन्हा खोकला. "सत्तेचाळीस-एक. बाहेर आहे. माझा रेडिओ पडला होता, हा दुसऱ्याचा आहे."

व्हर्ना खुर्चीवर बसल्या आणि हमसून रडल्या. लूथर यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी बटाटे शोधायला सुरुवात केली.

शनिवारी डेल आला. त्याची एक भुवई जळाली होती आणि हाताला पट्टी होती. त्याने मला बाल्कनीच्या दाराजवळ पाहिलं आणि म्हणाला, "तू ऐकलंस ना सगळं? म्हणून सांगत होतो, आई, फेकून दे. कशाला ऐकतेस आगी?"

"मला आग ऐकायची नाही रे," व्हर्ना म्हणाल्या. "आग संपल्याचं ऐकायचं असतं. तुझा बाप सांगायचा, पाइप वाळत घातले. ते ऐकेपर्यंत माझं बूड खुर्चीला टेकायचं नाही. तू तर नुसतं 'परत' म्हणतोस. तेही ऐकू आलं नाही तर मी दिवसभर उभी राहते. पंधरा वर्षं उभी राहतेय."

डेलने टोमॅटोच्या रोपाचं एक सुकलेलं पान खुडलं. "ते पाइपांचं तुझ्यासाठी होतं?" त्याने विचारलं. "मला वाटायचं, बाबांना उगाच बोलायची सवय आहे."

तो जाताना मला घेऊन गेला नाही. जाण्याआधी लूथर यांनी त्याला माझ्या पाठीवरचं एक बारीक बटण दाखवलं. ते दाबलं की मी थोडं कमी ऐकतो. खोऱ्यात त्याची कधी गरज पडली नव्हती. उंचावर ते दाबलं आणि डेल आणखी स्वच्छ ऐकू येऊ लागला.

पुढच्याच आठवड्यात, एका शेडची आग विझल्यावर, खोऱ्यातून आवाज आला. "सत्तेचाळीस-एक, बंबखान्यात परत." मग जरा थांबून, लाजल्यासारखं, "पाइप वाळत घातले."

"सत्तेचाळीस-एक, शेवटचं पुन्हा सांगा?" कंट्रोलची नवी मुलगी गोंधळली होती.

"पाइप वाळत घातले," डेल ठणकावून म्हणाला.

असं दीड वर्ष चाललं. दोन उन्हाळे माझ्या अँटेनाला टोमॅटो लागले. तिसऱ्याची रोपं लावायच्या आधीच, मार्चमध्येच, व्हर्ना गेल्या, खालच्या दवाखान्यात, डेलचा हात हातात असताना. डेलने मला लूथर यांना दिलं. मूठमातीच्या दिवशी तो त्यांना न्यायला आला, पण ते गाडीत बसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही सगळे तिकडे. कुणीतरी इथे ऐकायला हवं." एमिल यांच्या वेळचं ते रिकामं घर व्हर्नाने त्यांना सांगितलं असावं.

ते खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसले. कुंडीत नुसती माती होती आणि मधोमध माझी काठी. अकरा वाजता मी थांबलो. कंट्रोलवर तीच मुलगी होती, पण आता नवी राहिली नव्हती.

"कोल्टर रन बेस."

व्हर्ना कधी बंबावर चढल्या नाहीत. त्यांना आकडा नव्हता. अशी हाक बेसला कुणी कधी मारलेली मी तरी ऐकली नव्हती.

"कोल्टर रन बेस."

लूथर यांनी टोपी काढली.

"कोल्टर रन बेस."

उत्तर आलं नाही. सेवा संपली असं जाहीर करून त्या मुलीने आता चॅनल बंद करायचा होता. पण त्याआधीच खोऱ्यातून, हातातल्या छोट्या रेडिओवरून, एक आवाज आला. मी तो लूथर यांना जितका मोठा ऐकवता येईल तितका ऐकवला.

"सत्तेचाळीस-एक, बेसला. आई, सगळे परत आलो. पाइप वाळत घातले. आता बस तू."

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचू देऊ नका, पाठीत नसते बूस्टर खोचू नका, हे तर मी सांगणारच. जुन्या यंत्राला फेकण्याआधी त्याला बसवलंय कुठे ते एकदा बघा. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुम्ही घरातून निघता तेव्हा निघालो म्हणून ओरडून सांगता. पोचल्यावरही सांगत जा. कुणीतरी ओट्याजवळ उभं असतं.

लूथर यांनी परवा नवीन रोप लावलं. आज दुपारी खोऱ्यात भोंगा झाला आहे आणि डेल निघाला आहे. लूथर सूप तसंच ठेवून उठले आहेत, आणि मी ऐकतो आहे.